भाड्याचा सिनेमा आणि तीस वॅटचा पंखा



या खेपेला थोडे सिनेमाचे, थोडे घरात शिरलेल्या नव्या यंत्रांचे आणि थोडे मोबाईलवर हाती लागलेल्या उपयोगी गोष्टींचे बोलू. ही मते घरगुती आहेत, कुणा पंडिताची नाहीत. पटली नाहीत तर जरूर कळवावे.

आधी सिनेमा. पूर्वी वस्तीत व्हिडिओ आणायचा म्हणजे केवढा समारंभ असे! घरटी वर्गणी निघे. लायब्ररीवाल्याकडून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने येत. तिसरा सिनेमा संपेतो उजाडलेले असे आणि पहिल्या पाळीची माणसे तशीच डोळे चोळत कामावर निघत. ते यंत्र आता इतिहासजमा झाले. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले, आणि अमेरिकेत घरपोच टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सनेही २०२३ च्या सप्टेंबरात तो धंदा बंद केला.

भाडे मात्र गेले नाही. यूट्यूबवर पैसे भरून सिनेमा भाड्याने मिळतो. साधारणपणे तीस दिवसांत तो सुरू करायचा आणि एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा. महिन्याकाठी एखादा सिनेमा पाहणाऱ्या घराला हे भाडेच परवडते. मासिक वर्गणीचे तसे नाही. 'पहिला महिना फुकट' म्हणून पोरगा बापाच्या फोनवर बटण दाबतो आणि पुढे दर महिन्याला खात्यातून पैसे आपोआप कापले जातात. रेशन, भाडे, शिकवणीची फी यांच्या हिशेबात ही रक्कम कुणी धरलेलीच नसते. मग बाई दुकानात उभी आणि खात्यात पैसे कमी! असे पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना आली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. पंधरा हजारांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी विचारला जात नाही, म्हणून तो सूचनेचा मेसेज न वाचता पुसू नये. ज्या अ‍ॅपवरून आपण पैसे पाठवतो त्यात 'ऑटोपे' नावाचा भाग असतो. तो उघडला की कोणकोण आपल्या खात्याला नळ लावून बसले आहेत ते दिसते, आणि तिथूनच नळ बंदही करता येतो. या रविवारी एवढे काम घरातल्या शिकलेल्या मुलीला सांगाच.

आता पाहावे काय? चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी तो आधी पाहावा. २०१५ साली तो चित्रपटगृहात लागला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. आमच्याकडे तो लावला तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात दोघेजण घोरू लागले, हे खरे. हाणामारी नाही, गाण्यांवर नाच नाही, कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसलेला. गोष्ट अशी, की गटारात उतरलेला एक सफाई कामगार मरतो आणि त्याने आत्महत्या केली, ती एका शाहिराचे गाणे ऐकून केली, असा आरोप त्या म्हाताऱ्या शाहिरावर ठेवला जातो. शाहीर नारायण कांबळे यांचे काम वीरा साथीदार यांनी केले आहे. नागपूरचा हा कार्यकर्ता माणूस २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेला.

मला त्यात सर्वांत लागली ती मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष. नवरा गटारात उतरण्याआधी झुरळ बाहेर येते का ते पाहायचा. आले तर आत हवा आहे असे समजायचे. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. ती हे सगळे भाजीचा भाव सांगावा तसे सांगते, रडत नाही. ज्यांच्या घरातले कुणी सफाई खात्यात आहे त्यांना तिचा आवाज ओळखीचा वाटेल. दुसरी गंमत सरकारी वकील बाईंची. कोर्टात शाहिराला तुरुंगात डांबायला निघालेली ही बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. अगदी आपल्यासारखी! तिला राक्षसीण करून दाखवले असते तर आपण सुटलो असतो. दिग्दर्शकाने तसे केले नाही, म्हणून मी या सिनेमाला मानते.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' बहुतेकांनी पाहिला असेल. मुलांना दाखवावा की नाही, असे एका भगिनीने विचारले होते. माझ्या मते सातवी-आठवीपासून पुढच्यांना दाखवावा, पण सोबत बसावे. डुक्कर पकडायचे चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सारे कुटुंब जागच्या जागी थांबते, तो प्रसंग आला की मुले हसतात आणि मग एकदम गप्प होतात. त्या वेळी लगेच समजावू नये. ती आपणहून विचारतील.

जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' तर दर एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये कुठे ना कुठे लागतोच. मामुट्टी यांना त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा आहे. तो एका दमात लावला की लहान मुले कंटाळतात आणि नेमकी शेवटची वर्षे बघायची राहून जातात. दोन रविवार करावेत. मूळ सिनेमा इंग्रजीत आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी तो मुद्दाम इंग्रजीतच पाहावा, कान तयार होतो.

'जय भीम' हा २०२१ चा तमिळ सिनेमा चांगला आहे, पण कोठडीतली मारहाण फार आहे. लहानांना नको.

आणि एक. सिनेमा भाड्याने घेतला असेल तर तो टीव्हीवर लावा. टीव्ही जुना असला तरी मागे एचडीएमआयचे भोक असेल तर त्यात बसणारी छोटी काडी मिळते. ती आणि घरात वायफाय किंवा मोबाईलचे हॉटस्पॉट असले की काम होते. चार जण चार कोपऱ्यांत चार फोन घेऊन बसले, तर भाड्याचा उपयोग काय?

आता यंत्रे. यंदा मला खऱ्या अर्थाने आवडलेली वस्तू म्हणजे बीएलडीसी पंखा. आपला साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे पंचाहत्तर वॅट वीज खातो, हा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास पंखा चालला तर साध्याला महिन्याला चौतीस युनिटच्या जवळपास लागतात, याला साडेतेरा. म्हणजे एका पंख्यामागे वीस युनिट वाचतात. ज्यांचे बिल शंभर युनिटच्या काठावर असते त्यांना हा फरक चांगला जाणवेल, कारण शंभराच्या पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. घेताना ताऱ्यांचे लेबल पाहावे. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ते सक्तीचे आहे.

त्याची खोडही सांगते. किंमत जास्त. रिमोट गादीखाली जातो आणि घरात भांडणे लागतात. जुना रेग्युलेटर वायरमनकडून काढून घ्यावा लागतो. आत इलेक्ट्रॉनिक पट्टी असते, ती जळली तर कोपऱ्यावरचा पंखेवाला हात वर करतो. तेव्हा वॉरंटीचे कार्ड आणि बिल डब्यात जपून ठेवा.

इंडक्शन शेगडीबद्दल माझे मत इतके गोड नाही. चहा, भात, दूध यांना ती उत्तम. सिलिंडर संपल्याच्या दिवशी तर देवमाणूसच! पण ती दोन हजार वॅटची असेल, तर पूर्ण आचेवर तासाला दोन युनिट खाते. लहान पिनांचे सहा अँपिअरचे प्लग तिच्यासाठी नाहीत. तिला सोळा अँपिअरचा मोठा प्लगच हवा, नाहीतर बोर्ड वितळतो. शिवाय आपल्या घरातली निम्मी पातेली जर्मनची. ती त्यावर तापतच नाहीत. बुडाला लोहचुंबक चिकटले तरच भांडे चालते, म्हणून दुकानात जाताना चुंबक घेऊन जावे. लोखंडी तवा चालतो, पण भाकरी फुगायला जाळ लागतो तो लागतोच.

मोबाईलवरच्या उपयोगी गोष्टींत पहिली जुना फोन विकत घेणाऱ्यांसाठी. फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरे, मग मोकळी जागा आणि तो क्रमांक असा मेसेज १४४२२ वर पाठवावा. फोन बंदी घातलेला असेल तर उत्तरात कळते. आपलाच फोन चोरीला गेला असेल, तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या 'संचार साथी' या स्थळावरून तो बंद करून घेता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हेही तिथे दिसते. ते जरूर पाहा. भलत्याच्या हातात आपल्या नावाचे सिम असणे बरे नव्हे.

दुसरी गोष्ट शाळकरी मुलांसाठी. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. बदली झाली, पुस्तक हरवले, पावसात भिजले, तरी अभ्यास अडत नाही.

तिसरी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड आता पीडीएफ रूपात मिळतात. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे पुस्तक तर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने टिपांसह वाचायला ठेवले आहे. छोट्या फोनवर खंड वाचायचा असेल तर फोन आडवा धरावा, अक्षर मोठे दिसते. आणि खंडांच्या फाईली जड असतात, त्या रोजच्या डेटावर उतरवू नयेत. अभ्यासिकेत वायफाय असेल तिथे एकदाच उतरवून ठेवाव्यात.

पुढच्या खेपेला मिक्सर आणि पाण्याच्या फिल्टरबद्दल लिहायचा विचार आहे. ज्यांच्या घरी फिल्टर आहे त्यांनी वर्षाला काडतुसावर किती खर्च होतो, तेवढा आकडा पोस्टकार्डावर कळवावा.