पद्मावती बोट, उजनीचे पाणी आणि घसाऱ्याची वही

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या पाच-सहा मित्रांच्या डोक्यात सध्या एक खूळ शिरले आहे. वर्गणी काढून शिडाची एक छोटी होडी घ्यायची, रविवारी उजनीच्या पाण्यावर शिकायचे आणि हात बसला की कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरे पाहत फिरायचे. विहारातल्या काही वडीलधाऱ्यांनी हे ऐकून नाक मुरडले. "हे श्रीमंतांचे चोचले. आपल्या समाजाचा होडीशी काय संबंध?" असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर या सदरातच देतो.

संबंध आहे, आणि तो आपल्या चळवळीच्या ऐन गाभ्यातला आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेसाठी ते महाडला कसे गेले, हे किती जणांना ठाऊक आहे? नेहमीची वाट धरमतरवरून होती. त्या वाटेवर मोटारवाले ऐनवेळी दगा देतील अशी धास्ती होती. म्हणून २४ डिसेंबरला बाबासाहेब सुमारे दोनशे कार्यकर्त्यांसह मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले. दुसऱ्या दिवशी सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदराला उतरले. दासगावाहून महाड पाच मैल. मोटार नाही मिळाली तर पायी चालत जाऊ, हा हिशेब आधीच करून ठेवलेला. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. जमिनीवरची वाट अडवली जाईल असे दिसताच आपल्या माणसांनी समुद्राची वाट धरली. दासगावच्या धक्क्यावर आपल्याच होडीतून उतरावे, ही आमची इच्छा त्यातूनच आली.

आणखी मागे जायचे तर सोपाऱ्याला जावे. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तेथे सापडले, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. त्या शूर्पारकचा व्यापारी पूर्ण तथागतांचा भिक्खू झाला. त्याच्या कथेतले जहाज अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगवलेले आहे. धम्म किनाऱ्यावरून दूरदेशी गेला तो शिडांच्याच जोरावर. तेव्हा चोचले वगैरे शब्द जरा जपून वापरावेत.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. होडी घेणे सोपे, सांभाळणे कठीण. मी कारकून माणूस, बी.कॉम. झालेला, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे आधी घसारा उभा राहतो. मित्र खरेदीची किंमत विचारतात. मी म्हणतो, खरेदी एकदाच होते, दुरुस्ती दरवर्षी. शिडाचे कापड पावसापेक्षा उन्हाने लवकर कुजते; काम झाल्यावर ते उतरवून झाकून ठेवले नाही तर शिवण आधी सुटते. दोर कप्पीत घासून आतून झिजतो, वरून धडका दिसतो. फायबरच्या अंगाला बारीक चीर गेली की पाणी आत मुरते. ती जागा पूर्ण वाळवल्याशिवाय वरून लेप थापला तर तो पुढच्या मोसमात पापडासारखा सुटतो. समुद्रात नेली तर आणखी भर: प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडा, लोखंडी खिळा-बोल्ट गंजला का पाहा.

उजनीचे दुखणे निराळे आहे. तिथे खार नाही, पण जलपर्णी आहे, ती सुकाणूला गुंडाळते. शिवाय हे धरण भरते तेव्हा समुद्र आणि उतरते तेव्हा माळ. त्याचा मृत साठाच सुमारे ६३ टीएमसी आहे, आणि कडक उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली जाते. मग बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांची खोडे वर येऊ लागतात, पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. भाद्रपदात ज्या वाटेने निर्धास्त गेलो, त्याच वाटेवर चैत्रात बुडाला दगड लागतो. ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली, त्यांना विचारून घ्यावे. भिंत कुठे होती हे त्यांच्याइतके कोणत्याही नकाशाला माहीत नाही.

आणि वळीव. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे येणारी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसे गेली, त्यात लहान मुले होती. एक जण पोहून काठाला लागला. त्या घरांचे दुःख आपल्या तालुक्याचे आहे. शिडाच्या होडीला तर असा झोत अधिक बाधतो, कारण वारा धरायलाच ती बांधलेली असते. पश्चिमेला काळे दिसले की शीड उतरवायचे, वाद घालायचा नाही. जॅकेट अंगात, पेटीत नव्हे.

२०१७-१८ साली आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या तारिणी या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाला, तेव्हा मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात जाऊन त्यांनी ते नीट करून घेतले आणि मगच पुढे निघाल्या. आमच्या मित्रांपैकी एकाची मुलगी हे वाचून म्हणाली, "बाबा, तुमच्या यादीत बायकांची नावे कुठे आहेत?" नव्हती. आता दोन आहेत, आणि दोघींनाही आमच्यापेक्षा चांगले पोहता येते!

माझ्या अटी मित्रांना सांगून झाल्या आहेत. ज्याला पोहता येत नाही त्याने आधी शिकावे, वर्गणी नंतर. जलसंपदा खात्याची परवानगी आणि होडीची नोंदणी झाल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही. वर्गणीची दोन खाती, एक खरेदीचे आणि एक दुरुस्तीचे. पहिल्यातले कमी पडले म्हणून दुसऱ्यातले काढायचे नाही. जॅकेटचे पैसे सर्वांत आधी बाजूला. होडीवर एक वही राहील: कोण घेऊन गेला, काय तुटले, कोणी जोडले. "मोडले ते सांगितले नाही" हा गुन्हा धरला जाईल, "मोडले" हा नाही. दोघांना अटी जाचक वाटल्या, ते मागे सरले. राहिलेल्यांची बैठक येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारातच आहे. नाक मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही बोलावले आहे. त्यातले एक जण धरणात गेलेल्या गावचे आहेत, आणि भिंतींची माहिती त्यांच्याकडूनच घ्यायची आहे.