आपण काय ऑलिंपिक खेळतोय का?

हौशी बास्केटबॉलमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. टीम नीट पाडू या म्हटलं, की कुणीतरी हे फेकतोच. हे म्हणणारा बहुतेक वेळा सहा फुटी असतो!

रविवारी सकाळी पुण्यातून आम्ही दोन-तीन गाड्या करून पिरंगुटच्या पुढे कासार आंबोलीला खेळायला जातो. इथली रीत अशी की जी गाडी, ती टीम. एका गाडीत चार ताडमाड, दुसरीत आमच्यासारखे साडेपाच फुटी. रिंग सगळ्यांसाठी १० फुटांवरच. अर्ध्या तासात २०-४ होतं. मग पुढच्या रविवारी कुणाचं 'रिलीज' असतं, कुणाची पाठ दुखते. महिन्याभरात खेळायला सहाच जण उरतात आणि 'लोकांना व्यायामच नको' असं प्रवचन ऐकावं लागतं. व्यायाम हवाय हो, मार नकोय.

तुम्ही म्हणाल, मग्सी बोग्ज ५ फूट ३ इंचाचा असून एनबीए खेळला की. खेळला. पण तो एकटाच म्हणून तर नाव लक्षात आहे. अपवाद दाखवून नियम टाळू नका.

उंचांना बाहेर काढणं हाही उपाय नाही. कोरियाच्या लीगने २०१८ मध्ये परदेशी खेळाडूंना २०० सेंटिमीटरची मर्यादा घातली, जगभर हसं झालं, पुढच्या वर्षी ती काढावी लागली. उंची हाकलायची नसते, वाटून घ्यायची असते.

काही जण दोन्ही टीमच्या उंचीची बेरीज जुळवतात. कागदावर छान! पण सव्वासहा फूट अधिक सव्वापाच फूट म्हणजे पावणेसहाचे दोघे, हे गणित रिंगखाली चालत नाही. तिथे त्या सव्वासहाला अडवणार कोण?

उपाय साधा आहे. याच गावात मुलींची सैनिकी शाळा आहे. एनसीसी केलेल्यांना 'लंबा दाहिने, छोटा बाएँ' आठवत असेलच. तसे दहाजण उभे करा. १, ४, ५, ८, ९ एका टीममध्ये, उरलेले दुसरीत. एक-दोन, तीन-चार अशी प्रत्येक जोडी आपोआप फुटते आणि प्रत्येकाला आपल्या मापाचा प्रतिस्पर्धी मिळतो. एक टीम खेळात फारच भारी वाटली तर एखाद्या जोडीची अदलाबदल करा, उंचीचा तोल फारसा ढळत नाही. दोन मिनिटांचं काम.

यात अपमान कसला? कबड्डीत वजन करूनच मैदानात सोडतात. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येकाला क्षमतेप्रमाणे १ ते ४.५ गुण असतात आणि कोर्टवरच्या पाचांची बेरीज १४ च्या वर जाऊ देत नाहीत. तेही पॅरालिंपिकमध्ये, म्हणजे जिथे खरंच जिंकायचं असतं तिथे!

आपण ऑलिंपिक खेळत नाही, हे खरंच आहे. म्हणून तर टीम नीट पाडायच्या. तिथे हरलेला घरी जातो. इथे हरलेला पुढच्या रविवारी परत यायला हवा, नाहीतर तुम्ही खेळणार कुणाशी?