डॉस मोडीत काढू नका

‘जुना संगणक म्हणजे घरातली अडगळ’ हे मत मांडणारे वाचकपत्र वाचले. ते पटले नाही. अशा संगणकांवर चालणाऱ्या डॉस या प्रणालीला मायक्रोसॉफ्ट निरोप देणार हे दिसताच जिम हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने १९९४ मध्ये फ्रीडॉस या तिच्या पर्यायाचे काम हाती घेतले. ते आजही चालू आहे, १.४ ही आवृत्ती २०२५ मध्ये आली. ती फुकट तर आहेच, शिवाय तिचा गाभा जीपीएल या खुल्या परवान्याखाली असल्याने कोणालाही वाचता आणि सुधारता येतो.

घोडेगावात माझ्या दुकानाची बिले डॉसवरच्या जुन्या प्रोग्रामने निघतात. हार्ड डिस्क गेली तेव्हा नव्या डिस्कवर फ्रीडॉस टाकले, ‘एफडीकॉन्फिग.सिस’ या मांडणीच्या फाइलमध्ये एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाइल्सचा आकडा ४० केला आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पुन्हा करकरू लागला. चित्रांचा पडदा आणि माउस हवा असेल, तर ओपनजेमही फुकट मिळते.

उणीव आहे ती मराठीची. डॉसच्या अक्षरसंचात जागा २५६च; आपली जोडाक्षरे त्यात मावत नाहीत. पूर्वी पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली होती. तेच काम आता कार्डाविना, खुल्या परवान्यात व्हावे. आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयीन मुलांनी हे मनावर घ्यावे. चालते यंत्र भंगारात घालण्यापेक्षा त्याला मराठी शिकवणे कितीतरी मोलाचे आहे.

– एक दुकानदार, घोडेगाव (ता. आंबेगाव)