नाणं बोटांना कळायला हवं

घरातले मोठे आर्थिक निर्णय कोण घेतं, यावर वाद होऊ शकेल. घरातली चिल्लर कोण सांभाळतं, यावर मात्र वाद व्हायचं कारणच नाही. दूधवाल्याचे वरचे चार रुपये, रिक्षाचे सुट्टे, भाजीचे दहा-वीस, डाळीच्या डब्यामागे मुलीच्या सहलीसाठी बाजूला टाकलेल्या नोटा, हे सगळं खातं आपल्याकडेच. त्यामुळे एखादी नोट बदलणार किंवा एखादं नाणं बंद होणार, अशी बातमी आली की तिचा सगळ्यात जास्त संबंध आपल्याशी असतो. आणि विचारलं मात्र सगळ्यात कमी जातं तेही आपल्यालाच!

मैत्रिणींनो, मी अर्थशास्त्र शिकलेली नाही, साधी बी.ए. आहे. पण पुण्यात दांडेकर पुलाच्या परिसरात बचत गटांचं काम करताना नोटा आणि नाणी भरपूर हाताळते. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. नोट-नाण्याचं रूप बदलायचं असेल किंवा ते बंद करायचं असेल, तर त्याची पहिली परीक्षा बोटांनी घ्यायला हवी. डोळे मिटून हातात घेतलेलं नाणं ओळखू येत नसेल, तर ते कितीही देखणं असो, नापासच.

तुम्ही म्हणाल, आपल्याला तर दिसतं, मग बोटांचं काय एवढं? पण आठवून बघा. चालत्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने पर्समधलं नाणं आपण बघून काढतो की चाचपून? संध्याकाळी मंडईच्या बाहेर अंधुक उजेडात बसलेली मेथीवाली मावशी सुट्टे कसे देते? चष्म्याचा नंबर वाढलेल्या आपल्या सासूबाई? आणि ज्यांना मुळीच दिसत नाही, त्यांनी काय करायचं?

आपल्या जुन्या नाण्यांना ही अक्कल होती. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना आठवत असेल, पाच पैसे चौकोनी, दहा पैशांना नागमोडी कड, वीस पैसे षटकोनी. फ्रॉकच्या खिशात हात घातला की किती पैसे आहेत ते न बघता कळायचं. १९९२ पासून निघालेलं दोन रुपयांचं नाणंही अकरा कोनांचं होतं. माझी आई तर अंगठा फिरवूनच ते वेगळं काढायची.

मग २००५ च्या सुमारास हे कोन गेले आणि दोन रुपये गोल झाले. एक आणि दोन रुपयांत घोळ व्हायला लागला. अंध व्यक्तींची तर फारच अडचण झाली. २००७ मध्ये हाताच्या मुद्रा असलेली नाणी आली. एका रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. कल्पना छान, पण ती बोटं दिसायला डोळेच लागायचे! पुढे २०११ मध्ये रुपयाचं नवं चिन्ह असलेली नाणी आली आणि त्यांत गंमत अशी झाली, की नव्या दोन रुपयांचा व्यास २५ मिलिमीटर आणि २००७ च्या एका रुपयाचा व्यासही २५ मिलिमीटर. वजनही तेवढंच. म्हणजे तेव्हा एकाच पर्समध्ये एक रुपया आणि दोन रुपये अगदी जुळ्या बहिणींसारखे!

अंध व्यक्तींना ओळखता यावीत म्हणून खास विचार करून केलेली नवी मालिका पंतप्रधानांच्या हस्ते ७ मार्च २०१९ रोजी जाहीर झाली. किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढत जाईल, हे तिचं सूत्र. विचार उत्तमच. तिच्यातलं वीस रुपयांचं नाणं बारा कोनांचं आहे, त्याला माझे पूर्ण गुण. दहा आणि वीस दोन्ही २७ मिलिमीटरचे आहेत, पण कोनांमुळे वीस लगेच कळतो. मात्र या मालिकेतले दोन रुपये २३ मिलिमीटरचे आहेत, आणि २०११ चे पाच रुपयेही २३ चेच. नवे पाच रुपये २५ चे, जुने दोन रुपयेही २५ चे. वजनात फरक आहे, हे मान्य. पण नवी मालिका आली म्हणून जुनी नाणी काही बाजारातून जात नाहीत, ती त्याच पर्समध्ये असतात. नवं नाणं आखताना ते शेजारच्या नव्या नाण्यापेक्षा वेगळं आहे ना, एवढंच बघून भागत नाही. आधीच फिरत असलेल्या नाण्यांपेक्षाही ते वेगळं हवं.

नोटांचं तेच. पूर्वी पन्नासची नोट १४७ मिलिमीटर लांब होती, शंभरची १५७, पाचशेची १६७. प्रत्येक पायरीला एक सेंटिमीटरचा फरक. २०१६ नंतरच्या नव्या नोटांत शंभरची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. फरक उरला चार मिलिमीटरचा, आणि रुंदी तिघींची सारखीच. घरी पट्टी घेऊन चार मिलिमीटर किती होतात ते बघा. तांदळाच्या एका दाण्याहूनही कमी! शंभर, दोनशे आणि पाचशेवर उठावाच्या खुणा आहेत, पण नोट दहा हातांतून फिरून मऊ झाली की त्या खुणाही बसतात. आणि दहा, वीस, पन्नासच्या नव्या नोटांवर तर त्या खुणाही नाहीत.

माझ्या ओळखीच्या एक अंध ताई सारसबागेजवळ उदबत्त्या विकतात. त्या शंभरची नोट सरळ ठेवतात, दोनशेची एकदा दुमडतात, पाचशेची दोनदा. पण दुमडायच्या आधी ती किती रुपयांची आहे ते गिऱ्हाइकालाच विचारावं लागतं. ‘‘ताई, माणसं चांगली असतात हो, पण रोज कुणाच्या तरी चांगुलपणावर धंदा करायचा म्हणजे...’’ असं त्या एकदा म्हणाल्या आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

याच प्रश्नावर नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. नोटांचा आकार सारखा बदलण्याची गरज काय, असा प्रश्न २०१९ मध्ये न्यायालयानेच रिझर्व्ह बँकेला केला. १ जानेवारी २०२० रोजी बँकेने ‘मनी’ नावाचं अॅप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की फोन तिची किंमत बोलून सांगतो. सोय चांगली आहे, पण एका हातात उदबत्तीचा पुडा, दुसऱ्यात नोट, मग फोन धरायला तिसरा हात आणायचा कुठून? ऑस्ट्रेलियात कॉनर मॅक्लिओड नावाच्या एका अंध मुलाने नोटा हाताला कळाव्यात म्हणून मोहीम चालवली आणि २०१६ च्या नव्या पाच डॉलरच्या नोटेवर त्यासाठी उठावाचे ठिपके आले. आपल्याकडे हुशार कारागीर नाहीत का? आहेत की! पण ऐकून कोण घेतो, हा प्रश्न आहे.

आता दहा रुपयांच्या नाण्याचं बघा. ‘हे नाणं चालत नाही,’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल, कदाचित स्वतः म्हणालाही असाल. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दहा रुपयांच्या नाण्याचे चौदा वेगवेगळे नमुने आहेत आणि चौदाही खरे आहेत. लोकांची शंका मिटावी म्हणून १४४४० हा फोन क्रमांकही सुरू केला. पण एकाच नाण्याला चौदा चेहरे असतील तर साध्या माणसाने खरं कुठलं आणि खोटं कुठलं ओळखायचं कसं? एकावर रुपयाचं चिन्ह आहे, दुसऱ्यावर नाही, मग अफवा पसरणारच. आणि अफवेची किंमत मोजली कुणी? कोथिंबीर विकणाऱ्या बाईने. सकाळी तिने घेतलेली नाणी संध्याकाळी घाऊक व्यापारी घेईना. आमच्या गटातल्या बायकांनी अशी साठवलेली नाणी एका बँकेच्या शाखेत नेली, तर खिडकीवरून उत्तर मिळालं, ‘मोजायला माणूस नाही.’ खरं म्हणजे बँकेला नाणी नाकारता येत नाहीत. शंभर-शंभरच्या पिशव्या करून न्याव्यात, म्हणजे मोजणंही सोपं होतं. आणि कायद्याने एका वेळी हजार रुपयांपर्यंतची रक्कम रुपयाच्या आणि वरच्या नाण्यांत देता येते, हेही लक्षात ठेवा.

बदल एवढे आणि एवढ्या लवकर लवकर झाले की माणसाचा नाण्यावरचा विश्वासच उडतो. नव्या सुनेला घराची रीत कळायलाही थोडी वर्षं लागतात. नाण्याला एक पिढी तरी द्यायला नको का?

आता बंद करण्याविषयी. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. पावली गेली याचं मला वाईट वाटलं, पण तिला काही येत नव्हतं, हे खरंच. आठ आण्यांचं नाणं मात्र कायद्याने अजून चालतं आणि बाजारात कुणी घेत नाही. हे असं अधांतरी ठेवण्यापेक्षा मुदत देऊन, परत घेऊन त्याला मानाने निरोप द्यावा.

पण उद्या कुणी म्हणालं की एक रुपयाचं नाणंही बंद करा, तर माझा विरोध राहील. रुपया पाडायला रुपयाहून जास्त खर्च येतो, असा हिशेब २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारातून पुढे आला होता, एक रुपया अकरा पैसे. अमेरिकेने याच कारणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक सेंटचं नाणं पाडणं थांबवलं. पण नाणं काही एकदाच वापरून फेकत नाही आपण. ते वीस-तीस वर्षं हजारो हातांतून फिरतं. आणि रुपया नसेल तर हिशेब कुणाच्या बाजूने वळतो ते आपण जाणतो. एकोणीस रुपयांचे वीस होतात, एकवीसचे वीस कधी होतात का? उरलेल्या रुपयाऐवजी हातावर चॉकलेट येतं. त्याच चॉकलेटने उद्या त्या दुकानात बिल चुकवता येईल का? कॅनडाने २०१३ मध्ये एक सेंट बंद केला, तेव्हा रोखीचा हिशेब वर आणि खाली दोन्हीकडे कसा वळवायचा याचे नियम आधी सांगितले. आपल्याकडे असा नियम नसताना रुपया काढून घेणं म्हणजे थोडं थोडं विकत घेणाऱ्या गरिबाच्या ताटातला घास काढणं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर एसटीचं पहिल्या टप्प्याचं तिकीट अकरा रुपये झालं आणि सुट्ट्यांवरून कंडक्टर-प्रवाशांत कटकटी सुरू झाल्या. म्हणजे वरचा तो एक रुपया अजून लागतोच आहे! मोबाइलवरून पैसे देता येतात, हे खरं. पण घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, अशी घरं अजून कितीतरी आहेत.

आणि मोठ्या नोटा? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती, आणि त्या बँकेत भरायला मुदत मिळाली ३० डिसेंबरपर्यंत. त्या दिवसांत किती बायकांच्या डब्यांतली, साड्यांच्या घड्यांतली शिल्लक पहिल्यांदा घरच्यांसमोर आली! तो काळा पैसा नव्हता. अडीनडीला कुणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून पोटाला चिमटा घेऊन ठेवलेला होता. काहींच्या घरी तो कौतुकाने पाहिला गेला, काहींच्या घरी तो परत त्यांच्या हातात आलाच नाही. दोन हजारच्या नोटेच्या वेळी, १९ मे २०२३ पासून, चार महिन्यांहून अधिक मुदत मिळाली. हे शहाणपणाचं झालं. पण मुदत संपल्यावर ज्या आजींना देव्हाऱ्यात नोट सापडली, त्यांना बदलायला रिझर्व्ह बँकेचं कार्यालय गाठायचं. पुण्याहून मुंबई किंवा बेलापूर, विदर्भातून नागपूर. टपालाने पाठवून खात्यात जमा करण्याची सोय आहे, पण ती किती जणींना माहीत असते?

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. नवी नोट किंवा नाणं आणण्याआधी ते अंध व्यक्तींच्या, भाजीवाल्यांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या हातात देऊन बघावं. एकदा ठरलेला आकार पुन्हा पुन्हा बदलू नये. काही बंद करायचंच असेल तर वर्षभराची तरी मुदत असावी आणि ते बदलून देणारी खिडकी तालुक्याच्या गावी असावी.

आणि आपणही एक करू या. दहाचं नाणं कुणी दिलं तर मुकाट्याने घेऊ, आणि ‘चालत नाही’ म्हणणाऱ्याला चौदा नमुन्यांची गोष्ट सांगू. बचत गटात, भिशीत, हळदीकुंकवाला डोळे मिटून नाणी ओळखायचा खेळ ठेवा. दोन मिनिटांत कळेल, चूक आपल्या बोटांची आहे की नाण्यांची.