टपालाने आलेली कलमे

मृगाचा पाऊस जवळ आला की आमच्या धर्मग्रामातील अनेक घरी फळझाडांची खोकी येऊ लागतात. पूर्वी कलम हवे असले म्हणजे रोपवाटिकेत जावे, झाड हाताळून पाहावे आणि बसच्या टपावर घालून घरी आणावे, अशी रीत होती. आता मोबाइलवर चित्र पाहून मागणी नोंदविली की हापूस, चिकू, फणस दाराशी येतात. ही सोय मोठी आहे. तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या खरेदीचे जे अनुभव आमच्या कानी आले, त्यांतील तीन वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एका घरी आंब्याची सहा कलमे नवव्या दिवशी पोहोचली. पाने करपली होती. मुळाशी बांधलेला नारळाचा भुसा मात्र ओलसर होता. घरच्या बाईंनी घाई केली नाही. कलमे पंधरा दिवस सावलीत ठेवून बेताने पाणी घातले. पाचांना पालवी फुटली. सहावे वाळले, तेव्हा त्याचे छायाचित्र विक्रेत्याकडे पाठविले. त्याने तक्रार न करता दुसरे कलम पाठविले.

दुसऱ्या घरी पैसे कलमांचे घेतले आणि खोक्यात निघाली कोयीपासून उगवलेली साधी रोपे. खोडावर जोड कोठेच नव्हता. पत्रांना उत्तर आले नाही.

तिसरा अनुभव मनाला लागणारा आहे. एका वृद्ध गृहस्थांनी नातवंडांसाठी हापूसचे कलम मागविले आणि उन्हाळ्यात रोज घागरीने पाणी घालून वाढविले. कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरते. या झाडाला सातव्या वर्षी धरले आणि ते निघाले रायवळ. घरात विक्रेत्याच्या नावाने बोटे मोडली गेली. आम्ही झाड पाहावयास गेलो, तेव्हा बुंध्याशी जोडाची खूण होती. पण जोडावरची हापूसची काडी केव्हाच वाळून गेली होती आणि खालच्या रायवळ खुंटाची फूट झाड होऊन बसली होती. येथे विक्रेत्याने फसविले नव्हते. खुंटाची फूट वेळीच काढावयाची असते, हे त्या आजोबांना कोणी सांगितले नव्हते. कलमासोबत सूचनांची एक चिठ्ठी असती, तर सात वर्षांचे श्रम वाया जाते ना.

वाचकहो, फळावरून झाड ओळखावे हे खरे. परंतु फळ येईपर्यंत वर्षे लोटतात आणि पारख तर खोके उघडताच करावयाची असते. पैसे एखादे वेळी परत मिळतील. गेलेले पावसाळे मिळत नाहीत. म्हणून मागणी करण्यापूर्वी रोपवाटिकेला परवाना आहे का आणि काडी कोणत्या मातृवृक्षाची आहे, हे विचारावे. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांना परवाना घ्यावा लागतो. तसा कायदा तेथे १९६९ साली झाला. पावतीवर जातीचे नाव आणि ‘कलम’ हा शब्द लिहून घ्यावा. खोके उघडताना छायाचित्र काढावे. जोड पाहावा. कलम लगेच उन्हात लावू नये. लावताना जोड मातीच्या वर राहील असे पाहावे, जोड भक्कम झाला की प्लॅस्टिकची पट्टी कापावी आणि जोडाखालची प्रत्येक फूट खुडून टाकावी. पहिली तीन वर्षे मोहोरही काढावा, म्हणजे झाड बळ धरते.

एवढे करूनही फसवणूक झाली, तर नुसते हळहळत बसू नये. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राला दूरध्वनी करता येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. सदोष बियाण्यांच्या प्रकरणी शेतकरी हाही ग्राहकच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे. परंतु कोणतीही दाद पुराव्यावाचून टिकत नाही. म्हणून पावती फाडून टाकू नये.

आणखी एक विनंती. फसलेला मनुष्य लाजेने गप्प राहतो, आणि ज्याला चांगले कलम मिळाले तो समाधानाने गप्प राहतो. दोघांच्या मौनाने शेजाऱ्याचे नुकसान होते. ज्या बाईंना वाळलेल्या कलमाच्या बदली दुसरे मिळाले, त्यांनी त्या रोपवाटिकेचे नाव चार घरी सांगितले. ते आम्हांस फार आवडले. प्रामाणिक विक्रेत्याला तेवढा आधार हवा असतो. यंदा आपल्या दारी खोके आले, तर जसे घडेल तसेच, तिखटमीठ न लावता, शेजारी सांगावे.