जुन्या कार्डांचा नवा हिशेब

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याच महिन्यात एनव्हिडियाने पास्कल पिढीच्या ग्राफिक्स कार्डांसाठी नव्या खेळांना अनुसरून ड्रायव्हर काढणे थांबविले. या दोन निर्णयांचा परस्परांशी संबंध असो वा नसो, मध्यमवर्गीय घरातील आठ-दहा वर्षांच्या संगणकाच्या दृष्टीने त्यांचा परिणाम एकच आहे. तो संगणक अद्याप चालतो, मुलाचा प्रकल्प त्यावर टंकित होतो, सुटीत त्यावर खेळही खेळले जातात. मात्र त्याच्या कर्त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली आहे. अशा संगणकाला थोडक्या पैशात आणखी काही वर्षे रेटण्यासाठी जुन्या मालाच्या बाजाराचा रस्ता धरला, की दोन नावे हटकून पुढे येतात. एक एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० आणि दुसरे एएमडीचे आरएक्स ५८०. मुंबईतील लॅमिंग्टन रोडपासून महाविद्यालयाच्या वसतिगृहापर्यंत या दोहोंतील डावे-उजवे ठरविण्याचा वाद आजही रंगतो. तो बहुधा चुकीच्या मुद्द्यावर रंगतो.

जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये बाजारात आले. १,२८० गणनकेंद्रे, ६ जीबी मेमरी, १२० वॅट वीज आणि २४९ डॉलर किंमत ही त्याची मूळ कुंडली. आरएक्स ५८० एप्रिल २०१७ मध्ये अवतरले, पण ते वस्तुतः आदल्या वर्षीच्या आरएक्स ४८० चेच वेग वाढविलेले रूप होते. २,३०४ गणनकेंद्रे, ८ जीबी मेमरी, १८५ वॅट वीज आणि २२९ डॉलर किंमत. दोन कंपन्यांची गणनकेंद्रे एका मापाने मोजता येत नाहीत. त्यामुळे १,२८० आणि २,३०४ या आकड्यांवरून एक दुसऱ्याच्या पावणेदोनपट आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे शेर आणि किलो यांची बेरीज करण्यासारखे आहे. प्रत्यक्षात दोन्ही कार्डे जवळजवळ समबल ठरली. डायरेक्टएक्स ११ वर बेतलेल्या त्या काळच्या बहुसंख्य खेळांत १०६० किंचित पुढे राही. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन यांचा वापर वाढत गेला तसे पारडे ५८० कडे झुकले. २०२० नंतरच्या खेळांत मेमरीची भूक वाढली, तेव्हा ६ आणि ८ जीबी यांतील अंतर स्पष्ट दिसू लागले. आज एकूण विचार करता ५८० थोडे पुढे आहे, परंतु ते इतके थोडे आहे की डोळ्यांवर पट्टी बांधून नव्हे, उघड्या डोळ्यांनी खेळणाऱ्यालाही ते पुष्कळदा जाणवणार नाही.

यालाही एक अपवाद आहे. डायरेक्टएक्स ११ च्या खेळांत एएमडीचा ड्रायव्हर मुख्य प्रोसेसरवर अधिक भार टाकतो, ही जुनी तक्रार आहे. संगणकातील प्रोसेसर जुना वा दुबळा असेल, तर कागदावर बलवान असलेले ५८० प्रत्यक्षात अडखळते आणि १०६० गुळगुळीत चालते. ज्या घरात असे कार्ड विकत घेतले जाते त्या घरात प्रोसेसरही बहुधा जुनाच असतो, ही गोष्ट तुलनेचे तक्ते छापणारे सोयीस्करपणे विसरतात; त्यांच्या चाचण्या नव्याकोऱ्या प्रोसेसरवर होतात.

विजेचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. दोन्ही कार्डांच्या घोषित आकड्यांत ६५ वॅटचा फरक आहे. रोज तीन तास खेळ चालला, तर वर्षाला सुमारे ७१ युनिटे अधिक जळतील. युनिटाला दहा रुपये धरले तर सातशे रुपयांच्या वर. जुने कार्ड काही हजारांत मिळत असताना दोन वर्षांत चौदाशे रुपये ही रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पाचशे रुपये स्वस्त म्हणून घेतलेले ५८० वर्षभरातच महाग पडू शकते. शिवाय १०६० साठी ४०० वॅटचा एसएमपीएस पुरेसा मानला जातो, तर ५८० साठी ५०० वॅटचा लागतो. स्वस्त संगणकाच्या डब्यात बसविलेल्या एसएमपीएसवर छापलेला आकडा आणि त्याची खरी कुवत यांत किती अंतर असते, हे ज्याचा संगणक ऐन खेळात बंद पडला आहे त्याला सांगावे लागत नाही.

परंतु या बाजारातील खरा धोका वेगाचाही नाही आणि विजेचाही नाही. तो नावाचा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये एनव्हिडियाने १०६० या नावानेच ३ जीबीचे आणखी एक कार्ड काढले. मेमरी निम्मी केली हे नावात दिसत होते. गणनकेंद्रेही १,१५२ वर आणली होती, ते मात्र दिसत नव्हते. एएमडीने २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी २,०४८ केंद्रांचे कार्ड ५८० या नावाने आणले. गुणांनी ते आरएक्स ५७० होते, पाटी तेवढी वरच्या वर्गाची. हा माल चीनपुरता राहिला नाही. फिरत फिरत तो सर्वत्र पोहोचला. एकाच नावाखाली दोन दर्जाच्या वस्तू विकण्याचा हा प्रकार किराणा दुकानदाराने केला असता, तर ग्राहक मंचापुढे त्याची धडगत नसती. याखेरीज शुद्ध लबाडीचा प्रकार आहेच: कितीतरी जुन्या, दुबळ्या कार्डाचे बायॉस बदलून त्याला १०६० म्हणवून घ्यायला लावायचे. या लबाडीने इतका जोर धरला, की कार्डाची माहिती दाखविणाऱ्या जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमला २०१८ मध्ये अशी बनावट कार्डे ओळखण्याची सोय करावी लागली. पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याच्या देखत हा प्रोग्रॅम चालवून गणनकेंद्रांचा आकडा वाचणे, यात कसलाही संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आणखी एक पूर्वेतिहास या कार्डांना चिकटलेला आहे. २०१७ मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या खोदकामासाठी कार्डांची अशी झुंबड उडाली, की ५८० दुकानांतून दिसेनासे झाले आणि खेळणाऱ्यांना ते मूळ किमतीला मिळणे दुरापास्त झाले. २०२० नंतर तेच पुन्हा घडले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खोदकामाची पद्धतच सोडून दिली आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात ओतली गेली. ५८० घेणाऱ्याच्या हाती असे राबलेले कार्ड पडण्याचा संभव म्हणूनच मोठा. त्यातील मुख्य चिप सहसा शाबूत असते, कारण खोदणारे वीज वाचविण्यासाठी तिला कमी दाबाने चालवीत; झिजतात ते पंखे आणि तापते ती मेमरी. मेमरीचा वेग वाढविण्यासाठी बायॉसमध्ये केलेले फेरफारही पुष्कळदा तसेच राहिलेले असतात. पंखा बदलता येतो, मूळ बायॉस पुन्हा भरता येतो. तापून दुबळी झालेली मेमरी मात्र पुन्हा सुदृढ करता येत नाही.

आता ड्रायव्हरचा प्रश्न. विंडोजवर एनव्हिडियाने आपल्या ग्राहकाला अधिक काळ साथ दिली हे मान्य करावे लागेल. २०१६ च्या कार्डाला २०२५ पर्यंत नव्या खेळांसाठी सुधारणा मिळाल्या आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. एएमडीने २०२३ च्या उत्तरार्धातच पोलॅरिस पिढीला, म्हणजे ५८० च्या कुळाला, वेगळ्या शाखेत काढून केवळ अत्यावश्यक दुरुस्त्यांवर ठेवले. परंतु ज्या संगणकाला विंडोज ११ स्वीकारतच नाही, त्याच्या मालकापुढे लिनक्स हाच बिनखर्चाचा मार्ग उरतो, आणि तेथे चित्र नेमके उलटे होते. एएमडीचा लिनक्सवरील ड्रायव्हर खुला आहे. कंपनीचे लक्ष उडाले तरी जगभरचे प्रोग्रॅमर तो चालता ठेवतात. एनव्हिडियाने २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, पण तो ट्युरिंग आणि त्यापुढील पिढ्यांपुरता. पास्कल त्या दाराबाहेर राहिले. लिनक्सवर स्टीमच्या प्रोटॉनमुळे विंडोजचे पुष्कळ खेळ चालतात. व्हॅलोरंटसारखे, फसवणूक रोखण्यासाठी संगणकाच्या गाभ्यात पहारा बसविणारे खेळ चालत नाहीत. मुलाचा जीव कोणत्या खेळात अडकला आहे, ते खरेदीपूर्वी विचारलेले बरे.

विद्यार्थ्याला कार्ड केवळ खेळासाठी हवे असेल असेही नाही. ब्लेंडरने डिसेंबर २०२१ मध्ये ओपनसीएल सोडले, तेव्हापासून तेथील सायकल्स या चित्रनिर्मिती यंत्रणेला ५८० चा उपयोग होत नाही. यंत्रशिक्षणाचे प्राथमिक धडे गिरविण्यासाठीही कुडा हवे असते. ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीने पास्कलला वगळले असले, तरी बाराव्या आवृत्तीवर १०६० काम देते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही एकच बाब सारा तोल फिरवू शकते.

तेव्हा विंडोजच वापरायचे आहे, प्रोसेसर जुना आहे, एसएमपीएस साधा आहे किंवा अभ्यासाला कुडा लागणार आहे, अशा घराने ६ जीबीचे १०६० घ्यावे. ३ जीबीच्या वाटेला जाऊ नये, कितीही स्वस्त मिळाले तरी. लिनक्सची तयारी असेल आणि एसएमपीएस भक्कम असेल तर ८ जीबीचे, २,३०४ केंद्रांचे ५८०. दोहोंपैकी कोणतेही घेतले तरी काही दरवाजे बंदच राहतील. डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम: द डार्क एजेस’ हे खेळ प्रकाशकिरणांचा माग काढणारी यंत्रणा कार्डातच असावी अशी अट घालतात. ती या दोन्ही कार्डांत नाही आणि कोणत्याही ड्रायव्हरने यायची नाही. ज्याला हेच खेळ खेळायचे आहेत त्याने आणखी काही महिने पैसे साठवून २०२१ चे आरएक्स ६६०० पाहावे. त्यात ती यंत्रणा आहे, मेमरी ८ जीबी आहे आणि वीज लागते १३२ वॅट.