सुगावा न्यूयॉर्कहून का लागावा?

१७ जानेवारी २०२४ हा बँक निफ्टीच्या ऑप्शनांच्या साप्ताहिक मुदतपूर्तीचा दिवस. ‘सेबी’चा अंतरिम आदेश सांगतो, की जेन स्ट्रीट या अमेरिकी समूहाने त्या सकाळी बँकांचे समभाग आणि फ्युचर्स मिळून सुमारे ४,३७० कोटी रुपयांची खरेदी केली. निर्देशांक वर गेला. छोटे गुंतवणूकदार तेजीवर पैसे लावत असताना समूह ऑप्शनमध्ये मंदीचे सौदे करत होता. दुपारी त्याने विक्रीचा मारा केला. समभाग-फ्युचर्समध्ये त्याला सुमारे ६२ कोटींचा तोटा झाला आणि ऑप्शनमध्ये सुमारे ७३५ कोटींचा नफा. समूहाला हे आरोप मान्य नाहीत. आदेशानुसार ४,८४३ कोटी रुपये भरून त्याने रोखे अपील लवादाकडे दाद मागितली आहे. निवाडा लवादच करील.

आमचा प्रश्न वेगळा आहे. एवढ्या मोठ्या उलाढालीचा सुगावा ‘सेबी’ला लागला कसा? एप्रिल २०२४ मध्ये जेन स्ट्रीटने आपली व्यूहरचना पळवल्याचा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन माजी कर्मचाऱ्यांवर आणि त्यांच्या नव्या कंपनीवर लावला. सुनावणीत ती व्यूहरचना भारतातील ऑप्शनची असल्याचे उघड झाले. बातम्या छापून आल्या आणि मग मुंबईत तपासाची चक्रे फिरली. ते भांडण झालेच नसते तर?

अशी माहिती देशोदेशीच्या नियामकांना एकमेकांकडून मिळावी म्हणून रोखे नियामकांच्या ‘आयोस्को’ या जागतिक संघटनेने २००२ मध्ये बहुपक्षीय माहिती-देवाणघेवाण करार केला. ‘सेबी’ २००३ पासून त्यात आहे. या करारामुळे परदेशी बँकांच्या आणि दलालांच्या व्यवहारांच्या नोंदी मागवता येतात, हे मोठेच काम आहे. पण काय मागायचे, हे आधी माहीत असावे लागते. न मागता माहिती कळवण्याची सोय करारात आहे. ती नियमित सवय व्हायला हवी.

शिवाय जिथे खऱ्या मालकाची नोंद मिळत नाही, तिथे करारही थिटा पडतो. अदानी प्रकरणात १३ परदेशी संस्थांचे अंतिम लाभार्थी ‘सेबी’ला सापडले नव्हते, हे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सप्रे समितीने २०२३ मध्येच नोंदवले. त्याच वर्षी ‘सेबी’ने २५ हजार कोटींहून अधिक गुंतवणूक असलेल्या परदेशी फंडांना खरे मालक जाहीर करायला लावले. २०२५ मध्ये मात्र ती मर्यादा ५० हजार कोटींवर नेली. हे पाऊल चुकीचे होते. परक्या नियामकांकडे माहिती मागणाऱ्याने आपल्या दारातून येणाऱ्याला नाव विचारणे सैल करू नये. ‘सेबी’ने जुनी मर्यादा परत आणावी.